मुत्यालमडुवु : दरीत दडलेला धबधबा

बंगळूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, आनेकलच्या पुढे, मुत्यालमडुवु नावाचे स्थळ आहे. वाहनातून उतरणाऱ्यास प्रथम केवळ झाडी दिसते. धबधबा खाली दरीत असल्याने पायऱ्या उतरून गेल्यावरच त्याचे दर्शन घडते. ‘मुत्याल’ म्हणजे मोत्यांचा, ‘मडुवु’ म्हणजे डोह. पाणी येथे लोटाने कोसळत नाही. कड्यावरून मोत्यांसारख्या थेंबांनी ओघळते.

महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या कुटुंबास सवयीनुसार जुलैतच येथे जाण्याची इच्छा होते. तेथेच गणित चुकते. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्याचा भर जुलै-ऑगस्टमध्ये असतो. बंगळूर मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. तेथे वर्षभरात हजार मिलिमीटरच्या आसपासच पाऊस होतो आणि त्याचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मोसमी वारे परतीच्या वाटेवर असताना, दिसून येतो. हा ओढा सर्वस्वी पावसावर अवलंबून असल्याने अवेळी गेल्यास ओला कातळ तेवढा पाहावयास मिळतो. दसऱ्याच्या सुमारास जाणे अधिक श्रेयस्कर. त्या दिवसांत कातळ शेवाळलेला असतो, तेव्हा मुलांना हाताशी धरावे. आणि सारी चढण परतताना आहे, हे ज्येष्ठांनी उतरण्यापूर्वीच ध्यानी घ्यावे.