परसातलं अळू, तळ्यातलं कमळ

अळूची पानं धुवायला घेतली की ती भिजतच नाहीत. पातेल्यातल्या पाण्यात पान बुडवलं तर बुडालेला भाग चांदीचा वर्ख लावल्यासारखा चकाकतो आणि बाहेर काढलं की पान पुन्हा कोरडं ठणठणीत. पान आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा एक पातळ थर अडकलेला असतो. तिरपा येणारा उजेड त्या थरावरून पूर्ण परावर्तित होतो, ती ही चकाकी. कमळाचं पान पाण्यात बुडवलं तर नेमकं असंच दिसतं. कमळाच्या या पानाचा जगभर अभ्यास झाला, त्यावरून इमारतींचे रंग निघाले. मोरीच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या अळूकडे मात्र आपण फदफदं आणि वड्या यांपलीकडे फारसं पाहिलं नाही. हा अळूवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

मुळात या दोघांचं काही नातं नाही. अळू एकदलिकित, सुरणाच्या कुळातलं. मनी प्लांट आणि अँथुरियम ही त्याची भावंडं. कमळाचं गोत्र तर भल्याभल्यांना चकवतं. त्याच्याच तळ्यात फुलणारं कुमुद त्याचं जवळचं नातेवाईक नाही. जनुकांचा अभ्यास झाल्यावर कमळाचे सर्वात जवळचे आप्त निघाले ते काश्मीरचा चिनार आणि आपल्याकडे बागांमधून, रस्त्यांच्या कडेने लावला जाणारा सिल्व्हर ओक! म्हणजे कमळ पाण्यातलं, तर त्याचे सोयरे उंच वृक्ष. अळू आणि कमळ यांचे पूर्वज वेगळे झाले त्याला बारा कोटींहून जास्त वर्षं लोटली. तरीही दोघांची पानं मोठी, गोलसर, देठावर तोललेली आणि पाण्याला जराही थारा न देणारी. ओल्या जागी राहायचं तर पानाने कोरडं राहायला हवं, ही गरज दोघांची सारखी. उत्तर मात्र दोघांनी आपापलं शोधलं.

जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानांचे पृष्ठभाग तपासत होते. तपासणीआधी पानं धुऊन घ्यावी लागत. त्यांच्या लक्षात आलं, की काही पानं न धुताही स्वच्छच असतात. आणि गंमत म्हणजे ही पानं गुळगुळीत नव्हती, उलट फार खडबडीत होती. १९९७ साली त्यांनी आणि ख्रिस्तोफ नाइनहुइस यांनी यावरचा सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यात कमळाबरोबर अळू होतं आणि कोबीच्या जातीचं पानही होतं. नाव मात्र ‘लोटस इफेक्ट’ पडलं. आशियातल्या धर्मांत कमळ पावित्र्याचं प्रतीक आहे, तेव्हा नाव त्याला मिळालं यात नवल नाही. गीतेतही कमळाच्या पानाचाच दृष्टान्त आहे. मराठी माणसाने मात्र क्षणभंगुरतेसाठी अळवावरचं पाणी निवडलं, कारण रोज डोळ्यांसमोर तेच होतं.

हे घडतं कसं? पानावर मेण असतं हे खरं, पण नुसत्या मेणाने एवढं साधत नाही. मेणाच्या सपाट थरावर पाण्याचा थेंब ठेवला तर थेंबाची कड पृष्ठभागाशी साधारण १०५ ते ११० अंशांचा कोन करते. थेंब फुगीर दिसतो, पण चिकटून राहतो. कमळाच्या पानावर हाच कोन १६० अंशांच्या आसपास जातो, म्हणजे थेंब जवळजवळ पूर्ण गोल होतो. अळूवरही तितकाच. ही वरची मजल गाठून देतो तो खडबडीतपणा. पानाच्या वरच्या पेशींना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे बारीक उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहून कितीतरी बारीक स्फटिक उगवलेले असतात. कमळावर हे मेण सूक्ष्म नळ्यांच्या रूपात असतं. थेंब फक्त या टोकांवर टेकतो, खालच्या फटींत हवा राहते. पान जरा कललं की थेंब घरंगळतो. धुळीचे कणही टोकांवरच टेकलेले असतात. त्यांची पानाशी असलेली पकड थेंबाशी होणाऱ्या पकडीपेक्षा कमी, म्हणून घरंगळणारा थेंब त्यांना सोबत घेऊन जातो. बुरशीचे बीजाणूही असेच धुऊन जातात. झाडाच्या दृष्टीने हा मोठा लाभ.

शेतकऱ्याला निबंध न वाचताही हे ठाऊक आहे. अळू, कोबी, कांदा यांवर फवारणी करताना तो औषधात स्टिकर मिसळतो, कारण नुसतं औषध पानावर ठरत नाही, ओघळून जमिनीवर जातं. स्टिकर पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि थेंब पसरतो. साबणाच्या पाण्यानेही पानाची ही शक्ती अशीच हरते.

आता जिथे दोघं वेगळी होतात तिथे पाहू. कमळाचं खोड तळ्याच्या तळाशी चिखलात, आणि त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून कमळ वरून हवा खाली पाठवतं. उन्हाने तापलेल्या पानात हवेचा दाब वाढतो, ती देठातून खाली खोडापर्यंत ढकलली जाते आणि दुसऱ्या वाटेने वर येऊन बाहेर पडते. पानाच्या मध्यावर देठ जुळतो तिथे एक फिकट चकती दिसते. त्या चकतीवर मोठी रंध्रं असतात. उन्हात तिथे पाणी साचलं तर त्यातून बुडबुडे येताना दिसतात! कमळकाकडी चिरल्यावर जी सुंदर भोकं दिसतात, ती या हवेच्या नळ्या. उल्हासनगरच्या सिंधी घरांत जिला ‘भी’ म्हणतात, ती भाजी म्हणजे पाण्याखालची वातवाहिनीच. कमळाची पर्णरंध्रं पानाच्या वरच्या बाजूला असतात, तेव्हा वरचा भाग कोरडा राखणं ही त्याची श्वासाचीच निकड आहे. अळूला पानाच्या खालच्या बाजूलाही रंध्रं असतात.

अळूची खासियत पहाटे पाहावी. पानाच्या टोकाशी टपोरा थेंब लोंबत असतो आणि सगळे त्याला दव समजतात. ते दव नव्हे. रात्री हवा दमट असते, बाष्पीभवन मंदावतं, पण मुळं पाणी ओढतच राहतात. हे जास्तीचं पाणी झाड पानाच्या टोकाजवळच्या छिद्रांतून बाहेर टाकतं. याला बिंदुस्राव म्हणतात. ओल्या जमिनीतल्या मोठ्या पानातून रात्रभर थेंबामागून थेंब पडत राहतो.

स्वतःला वाचवायची रीतही निराळी. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्यांनी रचलेले असतात. कच्चं अळू खाल्लं तर ते तोंडात, घशात टोचतात, म्हणून खाजतं. आपल्याकडच्या स्वयंपाकात अळू भरपूर शिजवलं जातं आणि चिंच, आंबट चुका यांच्याशिवाय केलं जात नाही, ही पिढ्यांच्या अनुभवातून आलेली शिस्त आहे. ती मोडू नये.

वंश टिकवायला कमळाने भरवसा ठेवला तो बियांवर. ईशान्य चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळात मिळालेलं, सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळाचं बी शास्त्रज्ञ जेन शेन-मिलर यांच्या गटाने रुजवून दाखवलं. हे बी म्हणजे कमळगट्टा. (मखाना कमळाचा असतो असा समज सर्रास आढळतो, तो वेगळ्या पाणवनस्पतीचा.) आपल्या परसातलं अळू बहुधा बियांवर वाढतच नाही. त्याचा कंद फुटतो, बाजूला पिल्लं येतात, तीच शेजारणीला दिली जातात. चव टिकते, पण पिढ्यान्‌पिढ्या तेच झाड. याचा फटका प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांना बसला. तिथे अळूचे कंद हे मुख्य अन्न आणि निर्यातीचं पीक. बहुतेक लागवड एकाच जातीची होती. १९९३ साली पानांवरचा करपा आला आणि निर्यात जवळजवळ थांबली. हा करपा थंड, दमट रात्री पसरतो. पावसाचा थेंब मेणाच्या टोकांवर टेकून निसटतो, पण बाष्पातून जमणारं पाणी थेट फटींच्या आत तयार होतं, आणि तिथे कमळाच्या पानाचीही किमया चालत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. रोगाला तोंड द्यायला झाडांमध्ये वैविध्य हवं. तेव्हा काळ्या देठाचं वडीचं अळू, भाजीचं अळू, कोकणातले गावोगावचे वाण आपण जपून ठेवले पाहिजेत.

कमळाच्या पानावरून रंग काढणाऱ्या कारखान्यांना एक गोष्ट अजून झाडासारखी जमलेली नाही. पानावरचं मेण बोटाने घासलं तर त्या जागी पाणी चिकटतं. पण झाडावरचं वाढतं पान हे मेण पुन्हा तयार करू शकतं. भिंतीवर दिलेला रंग झिजला की झिजला.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. कमळाचं पान शहरातल्या मुलांना सहज मिळणार नाही, अळूची जुडी मात्र कुठल्याही मंडईत मिळते. वर्गात एक पान न्या. त्यावर चिमूटभर हळद टाकून पाण्याचे थेंब सोडा, मग पानाचा एक कोपरा बोटाने चोळून तिथे पुन्हा थेंब टाका. शेवटी साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून पाहा. काय झालं ते मुलांनाच सांगू द्या आणि तास संपल्यावर सगळ्यांना हात नीट धुवायला लावा.