मुलाखतीत विचार बोलून दाखवावा लागतो

आपल्या शाळेतून अभियांत्रिकीकडे गेलेले विद्यार्थी सिल्लोडला आले की आम्हांस हमखास विचारतात, "सर, लेखी परीक्षा निघते, मुलाखतीतच अडते. तिथे नेमके काय पाहतात?" आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडतो.

गूगल, अमेझॉन यांसारख्या मोठ्या कंपन्यांत आधी अर्जांची छाननी होते, बहुधा ऑनलाइन चाचणी होते आणि मग पाऊण ते एक तासाच्या अनेक मुलाखती होतात. त्यांत पुढील धर्तीचा प्रश्न येतो : मिरचीच्या 300 पोत्यांची वजने दिली आहेत, मिळून बरोबर 100 किलो भरणारी दोन पोती शोधा. प्रत्येक पोते इतर प्रत्येकाशी ताडले, तर 44,850 जोड्या तपासाव्या लागतील. त्याऐवजी वजनवार रकाने आखलेल्या वहीत नोंद करीत जावे. 38 किलोचे पोते आले की 62 च्या रकान्यात आधीची नोंद आहे का, एवढेच पाहावे. 300 पोत्यांची एकच फेरी पुरते. संगणकाच्या भाषेत या वहीस हॅश टेबल म्हणतात.

परीक्षकास केवळ उत्तर नको असते. पहिल्या मार्गावरून दुसऱ्याकडे उमेदवार कसा वळला, हे त्यास ऐकायचे असते. वजने अपूर्णांकांत आहेत का, अशी जोडीच नसेल तर काय करायचे, असे उलट प्रश्न उमेदवाराने विचारणे तेथे गुणाचे ठरते. आपली मुले मात्र मान खाली घालून मुकाट्याने गणित सोडवितात. कारण "मोठ्यांना उलट विचारू नये" हे आपणच त्यांना शिकविले.

सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलेत, असेही विचारतात. वसतिगृहाच्या भोजनगृहाचा हिशेब सांभाळलेल्या मुलाजवळ असे प्रसंग कितीतरी असतात. ते सांगण्याजोगे आहेत, हेच त्यास ठाऊक नसते.

अर्थात सारा दोष मुलांचा नव्हे. बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी नोकऱ्यांसाठी समान पात्रतेचे, परंतु वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठविले होते. दलित आडनावाच्या अर्जदारास बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जदाराहून कमी आढळली. म्हणजे काहींची वाट मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच अडते.

म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्यास योग्य उमेदवाराचे नाव सुचविता येते. तेथे असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ते अवश्य सुचवावे आणि सुटीत येऊन मुलांच्या सराव मुलाखती घ्याव्यात. आम्ही शिक्षकही फळ्यापाशी आलेल्या मुलास यापुढे "उत्तर काय?" एवढेच विचारणार नाही; "कसे सुचले, ते मोठ्याने सांग" असेही म्हणू.