व्हॅनमधील डिझेल जातें कोठें?

शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकाबाहेर मुलांना नेणाऱ्या व्हॅन रांगेनें उभ्या असतात, हें दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील अशी व्हॅन चालवून, किंवा तींतून भाजीपाला, दूध व इतर माल पोंचवून संसार चालवितात. अशा घरच्या हिशेबांत सर्वांत मोठा आंकडा बहुधा डिझेलचा असतो. गाडीचा हप्ता ठरलेला, विम्याची रक्कम ठरलेली, आणि डिझेलचा भाव तर आपल्या हातीं मुळींच नाहीं. एका लिटरांत गाडी किती किलोमीटर जाते, ज्याला आपले चालक 'ॲव्हरेज' म्हणतात, तें मात्र बऱ्याच अंशीं आपल्या हातीं असतें. परंतु तें वाढविण्यासाठीं कांहीं लोक अशा युक्त्या योजतात कीं, त्यांपासून बचत तर होत नाहींच, उलट जीव धोक्यांत पडतो. खरी काटकसर कोणती व खोटी कोणती हें ओळखावयाचें असेल, तर टाकींतील डिझेल जातें कोठें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

ज्याच्या नांवानें हें तेल व हें यंत्र ओळखलें जातें, तो रुडॉल्फ डिझेल सन १८५८ मध्यें पॅरिस येथें एका जर्मन कुटुंबांत जन्मला. इंधनाची नासाडी थांबविणें हाच त्याच्या शोधाचा हेतु होता. त्या काळचीं सामान्य वाफेचीं यंत्रें जळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकीं दहावा हिस्साहि कामास लावीत नसत. सन १८९७ मध्यें जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें डिझेलच्या यंत्राची परीक्षा झाली, तेव्हां त्यानें इंधनाच्या उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग कामास लावून दाखविले. सन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत तर याच जातीचें एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें.

या यंत्राचें तत्त्व सोपें आहे. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोंक गरम लागतें, हें प्रत्येक मुलानें अनुभविलें असेल. हवा दाबली कीं तापते. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्यें पिस्टन हवेस इतकें दाबतो कीं, ती मूळ जागेच्या सुमारें सोळाव्या हिश्शांत मावते, आणि तिचें तपमान पांचशें अंशांच्या वर जातें. त्या तप्त हवेंत डिझेलची बारीक फवार सोडतांच ती ठिणगीवांचून पेट घेते व पिस्टनला खालीं लोटते. आजचें व्हॅनचें इंजिन चांगल्या स्थितींत शंभरांतील तीस ते चाळीस भाग उष्णता अशा रीतीनें कामास लावतें. म्हणजे डिझेलच्या प्रत्येक रुपयांतील साठसत्तर पैसे सायलेन्सरमधून व रेडिएटरमधून नुसत्या उष्णतेच्या रूपानें निघून जातात. त्यावर चालकाचा फारसा इलाज चालत नाहीं. त्याची काटकसर उरलेल्या तीसचाळीस पैशांत आहे, आणि त्या पैशांचे मुख्य वाटेकरी तीन : हवा, चाकें आणि ब्रेक.

पहिला वाटेकरी हवा. गाडी चालते तेव्हां तिला समोरची हवा सतत बाजूस सारावी लागते. वेग दुप्पट झाला तर हा अडथळा दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. मग ताशीं ६० किलोमीटरऐवजीं ८० किलोमीटरनें गेल्यास काय होईल? शंभर किलोमीटरांच्या प्रवासांत पंचवीस मिनिटें वांचतील. पण हवेचा अडथळा जवळजवळ पावणेदोनपट होईल. व्हॅन ही मोटारीप्रमाणें निमुळती नसून उंच पेटीसारखी असते, म्हणून तिला हा दंड अधिकच बसतो. छपरावर रिकामें कॅरिअर किंवा फडफडणारी ताडपत्री असेल तर त्यांत आणखी भर पडते. ज्या दिवशीं कॅरिअरचें काम नसेल, त्या दिवशीं तें काढून ठेवावें. मोकळ्या रस्त्यावर पन्नाससाठाच्या आसपास एकसारखा वेग ठेवणें हा सर्वांत स्वस्त उपाय होय, कारण त्यास एक पैसाहि खर्च येत नाहीं.

दुसरा वाटेकरी चाकें. टायर रस्त्यावर टेंकतो तेथें दबतो व पुढें जातांच पुन्हा फुगतो. या सततच्या दबण्यांत शक्ति खर्च होऊन टायर तापतो. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, अधिक तापतो व अधिक डिझेल खातो. शिवाय त्याच्या कडा लवकर झिजतात आणि उन्हाळ्यांत तो फुटण्याची भीति असते. किती हवा भरावी हें गाडीच्या पुस्तकांत, आणि बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवरहि छापलेलें असतें. रिकाम्या व भरलेल्या गाडीचे आंकडे निरनिराळे असूं शकतात. हवा सकाळीं, टायर थंड असतांना तपासावी. लांबून आल्यावर तापलेल्या टायरांतील दाब वाढलेला दिसतो व आपली फसगत होते. हवा प्रमाणाबाहेर भरणेंहि चुकीचें, कारण त्यामुळें टायरची पकड कमी होते.

तिसरा वाटेकरी ब्रेक. याच्याकडे लोकांचें लक्ष सर्वांत कमी असतें. गाडीस वेग देण्यासाठीं जें डिझेल जाळलें, त्याचें मोल ब्रेक दाबतांच उष्णता होऊन नाहींसें होतें. समजा, माणसांसह दोन टन वजनाची व्हॅन ताशीं ६० किलोमीटरनें चालली आहे. तिला त्या वेगास आणण्यासाठीं इंजिनाला सुमारें वीसबावीस मिलिलिटर, म्हणजे चार चहाचे चमचे डिझेल लागतें. एकदां ब्रेक दाबून ती पूर्ण थांबविली कीं हे चार चमचे गेले. दिवसांत पन्नास वेळां असें झालें, तर एक लिटरहून अधिक डिझेल केवळ ब्रेक तापविण्यांत खर्च झालें! म्हणून जाणता चालक आपल्या बोनेटकडे न पाहतां दूरवर पाहतो. पुढें सिग्नल तांबडा दिसला, किंवा बैलगाडी आडवी येतांना दिसली, कीं तो अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय आधींच काढतो व गाडीस आपोआप मंद होऊं देतो. निघतांनाहि तो एकदम जोर न करितां, इंजिन फार ओरडूं न देतां वरचा गिअर टाकतो. मात्र इंजिन धडधडूं लागेल इतक्या वरच्या गिअरमध्यें तें रखडवीत नाहीं, आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवीत नाहीं.

या तिघांशिवाय एक चौथा वाटेकरी आहे. तो कांहींच काम न करितां खातो. उभ्या गाडीचें चालू इंजिन व्हॅनच्या आकारमानाप्रमाणें तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल जाळतें. शाळेच्या फाटकाशीं रोज दहा मिनिटें इंजिन चालू राहिलें, तर शाळेच्या २२० दिवसांत एका गाडीचे सुमारें अठरा लिटर असेच जातात. आणि नुकसान केवळ पैशांचें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें सन २०१२ मध्यें डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. सायलेन्सरचें तोंड लहान मुलांच्या नाकापासून फार दूर नसतें, हें फाटकाशीं उभे राहून कोणीहि पाहावें. तरी उभ्या गाडीचें इंजिन बंद करावें. घाट चढून किंवा भरधाव येऊन थांबल्यावर मात्र टर्बोच्या इंजिनास मिनिटभर संथ चालूं द्यावें. टर्बोचें फिरतें चक्र तेवढ्या अवकाशांत निवतें.

आतां खोट्या काटकसरीकडे वळूं. तिच्यांत सर्वांत घातक म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडणें. 'उताराला इंजिनाचें काय काम? गाडी आपोआप जाईल व डिझेल वांचेल,' असा हा युक्तिवाद असतो. तो वरवर पटण्यासारखा आहे, पण तो मुळांतच चूक आहे. गाडी गिअरमध्यें असतांना अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय काढला, तर उतारावर चाकेंच इंजिनास फिरवितात, आणि इंजिन संथ गतीहून वेगानें फिरत असेपर्यंत त्यास होणारा डिझेलचा पुरवठा बंद राहतो. न्यूट्रल केल्यावर मात्र चाकांचा व इंजिनाचा संबंध तुटतो, आणि इंजिनास चालू राहण्यासाठीं स्वतःचें डिझेल जाळावें लागतें. म्हणजे ज्या युक्तीनें डिझेल वांचावें, तिनेंच तें खर्च होतें!

आणि धोका केवढा? आपल्या बोरघाटाचें उदाहरण घेऊं. खोपोलीहून खंडाळ्यास जातांना गाडी सुमारें पांचशें मीटर उंच चढते. दोन टनांच्या व्हॅनला नुसत्या त्या उंचीसाठीं सुमारें पाऊण लिटर डिझेल लागतें. उतरतांना चढाईंत सांठलेली ही सर्व शक्ति परत बाहेर पडते. ती उष्णता एका ठिकाणीं गोळा केली, तर तीस लिटर पाणी उकळूं लागेल इतकी ती असते. गाडी खालच्या गिअरमध्यें असेल तर तिचा मोठा भाग इंजिन सोसतें. न्यूट्रलमध्यें असेल, तर तो सारा भार चार ब्रेकांवर येतो. ब्रेक अतिशय तापले कीं त्यांची पकड सुटूं लागते, त्यांतील तेल उकळून त्यांत बुडबुडे होतात, आणि चालकाचा पाय तळापर्यंत गेला तरी गाडी थांबत नाहीं. कांहीं जण तर इंजिनच बंद करितात. मग ब्रेकला मिळणारी यंत्राची मदत थोड्याच वेळांत संपते व स्टिअरिंगहि जड होतें. ज्या गिअरमध्यें गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्यें ती उतरवावी, हा जुन्या चालकांचा नियम आहे. तो सुरक्षिततेचा नियम आहे, आणि आतां आपण पाहिलें कीं काटकसरीचाहि आहे.

दुसरी खोटी काटकसर म्हणजे डिझेलमध्यें रॉकेल मिसळणें. रॉकेल डिझेलइतकें वंगण पुरवीत नाहीं. डिझेल फवारणाऱ्या पंपाचे व नोझलचे भाग त्यानें झिजतात, आणि महिन्याची बचत एका दुरुस्तींत जाते. तिसरी म्हणजे नळीवर बसविण्याचीं चुंबकें व टाकींत टाकण्याच्या चमत्कारिक गोळ्या. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण-संरक्षण संस्थेनें इंधन वांचविणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या शंभरांहून अधिक साधनांची परीक्षा केली. त्यांपैकीं फारच थोड्यांचा कांहीं उपयोग दिसला, व तोहि अल्प. त्यापेक्षां एअर फिल्टर वेळेवर बदलणें, सांगितलेल्या प्रतीचेंच इंजिन ऑईल घालणें आणि चाकांची अलाइनमेंट तपासून घेणें अधिक फायद्याचें आहे. सायलेन्सरमधून काळा धूर येऊं लागला, तर तो पुरतें न जळलेल्या डिझेलचा आहे असें समजून गाडी ताबडतोब कारागिरास दाखवावी.

विद्यार्थीमित्रहो, या सर्वांत तुम्ही काय करूं शकाल? तुम्ही हिशेब ठेवूं शकाल. एका वहींत प्रथम टाकी पूर्ण भरल्याची तारीख व किलोमीटरचा आंकडा लिहा. पुढच्या वेळीं टाकी पुन्हा पूर्ण भरा, आणि मधल्या किलोमीटरांना या वेळीं भरलेल्या लिटरांनीं भागा. ४२० किलोमीटर झाले व ३५ लिटर लागले, तर उत्तर १२ आलें. एकाच भरण्यावरून अनुमान काढूं नका. चारपांच भरण्यांची सरासरी घ्या. मग वडिलांना एकच बदल सुचवा, टायरांतील हवेचा किंवा वेगाचा, आणि पुन्हा मोजा. वर्षाला २४,००० किलोमीटर चालणारी व्हॅन बाराऐवजीं तेरा किलोमीटर देऊं लागली, तर २,००० लिटरांऐवजीं सुमारें १,८४६ लिटर लागतील. वांचलेल्या १५४ लिटरांचा आजच्या भावानें गुणाकार करून पाहा; बहुतेक घरीं त्यांत वह्यापुस्तकांचा खर्च निघून कांहीं शिल्लकहि राहील. शिवाय एक लिटर डिझेल जळल्यानें सुमारें २.६ किलो कर्बवायु हवेंत जातो, म्हणून तितक्या बचतीनें चारशें किलो वायु हवेंत जाण्याचा राहील. आणि आपला देश लागणाऱ्या खनिज तेलाच्या पांच हिश्शांपैकीं चारांहून अधिक परदेशांतून विकत घेतो, हेंहि विसरूं नये.

पांच भाकरी व दोन मासे यांची गोष्ट आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकली आहे. हजारों लोक जेवून तृप्त झाले. तरी शेवटीं प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले, आणि बारा टोपल्या भरल्या. जेथें पोटभर होतें तेथेंहि कांहीं वायां जाऊं दिलें नाहीं. आपली टाकी तर कष्टाच्या पैशांनीं भरलेली असते. तिच्यांतील थेंब जपावा. पण तो जपतांना गाडींत बसलेल्या मुलांचा जीव पणास लावूं नये. उद्यां सकाळीं घरची गाडी निघण्यापूर्वीं, टायर थंड आहेत तोंच, त्यांतील हवा तपासण्यापासून या कामास आरंभ करावा.