शनीच्या गावातला प्रश्न आणि उसने धैर्य

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर तुम्हांला ठाऊक असेलच. उघड्या चौथऱ्यावरची काळी शिळा आणि दारे-कुलुपे नसलेली घरे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. २०२५ च्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाचे शिबिर त्या परिसरात होते. एका संध्याकाळी आम्ही दुर्बिणीतून शनी दाखवला. त्या सुमारास शनीची कडी आपल्याकडे कडेने वळलेली होती, त्यामुळे ती सुईसारखी बारीक दिसत होती. दहावीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, माझी रास मेष. साडेसाती लागलीय म्हणून आजी म्हणते, अकरावीला सायन्स नको. खरं का खोटं, कसं ठरवायचं?"

"खोटं" असे मी सांगून टाकले असते. पण तिने 'कसं ठरवायचं' असे विचारले होते!

आधी हिशेब पाहू. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे २९½ वर्षे लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षे. याचाच अर्थ कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असते. साठ मुलांच्या वर्गात पंधराएक मुले त्यात सापडणार! हे ऐकून ती हसली. पण हा हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्यासाठी मी तिला दुसऱ्यांनी केलेले काम सांगितले.

अमेरिकेत शॉन कार्लसन या भौतिकीच्या तरुण संशोधकाने ज्योतिषांनाच बरोबर घेऊन एक चाचणी आखली. ज्योतिषाला एक कुंडली आणि तीन माणसांच्या स्वभावाची वर्णने द्यायची; कुंडली कोणाची, ते त्याने ओळखायचे. डोळे मिटून निवडले तरी तिनांत एकदा बरोबर येणारच. निम्म्या तरी बरोबर येतील अशी ज्योतिषांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिनांत एकच आली. हा निबंध १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला.

पुढे महाराष्ट्रात २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांनी अशाच धर्तीची चाचणी घेतली. पण त्यांनी परदेशी चाचणीची नक्कल केली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. स्वभावाच्या वर्णनांऐवजी त्यांनी शंभर हुशार मुलांच्या आणि बौद्धिक विकलांगता असलेल्या शंभर मुलांच्या कुंडल्या घेतल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच सांगायचे. कुंडल्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक होते.

२७ ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्यांची उत्तरे पाठवली. नाणे उडवून उत्तरे दिली तरी चाळीसात वीस बरोबर यावीत, तीन-चार इकडेतिकडे. सरासरी विसाच्याही किंचित खालीच भरली. सर्वांत चांगले उत्तर २४ चे होते. पण २७ जणांनी नाणी उडवली तरी एखाद्याला २४ सहज मिळतात. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या, त्यांतल्या १०२ बरोबर आल्या.

ही चाचणी साडेसातीची नव्हती, हेही मी त्या मुलीला सांगितले. चौथऱ्यापुढे हात जोडणाऱ्या आजीच्या मनाची तर मुळीच नव्हती. एका दाव्याची परीक्षा झाली, एवढेच. वीस वर्षे मी वर्गात नाणेफेकीची गणिते घालतो आहे. पण असे काही करून पाहावे, हे मला कधी सुचले नव्हते. कोणीतरी आधी केलेले पाहिले, की आपणही विचारू शकतो असे वाटू लागते.

मुलीला ते लगेच वाटले. "आम्ही वर्गात करू?" आम्ही तिथेच वहीवर बेत आखला. वर्तमानपत्रातले गेल्या आठवड्याचे राशिभविष्य घ्यायचे, राशींची नावे कापून नुसते क्रमांक घालायचे, किल्ली बाईंकडे बंद पाकिटात. आपला आठवडा ज्याच्याशी जुळला तो क्रमांक प्रत्येकाने लिहायचा. साठ मुलांत पाचांचे नुसत्या योगायोगाने जुळेल. सात जुळले म्हणून उड्या मारायच्या नाहीत. किती जुळले तर मानायचे, तो आकडा पाकीट उघडण्यापूर्वीच फळ्यावर लिहायचा. मी बारा सुचवला.

वही मिटता मिटता ती थांबली. "सर, पण रास कोणती धरायची? काही जण इंग्रजी तारखेवरून सांगतात, आजी पंचांगावरून सांगते. माझी दोन्हींकडे वेगळी येते."

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ते भविष्य कोणत्या राशीवरून लिहिलेले असते, हे वर्तमानपत्राला पत्र लिहून आधी विचारायचे, असे तिने ठरवले.