पडसादाचे भांडवल : घाटावरच्या रेंजचा मागोवा

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झाले, तेव्हा एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर आणि वाराणसी ही दोन्ही होती. चार दिवसांनी, दसऱ्याला, जिओने चाचणीसाठी चार शहरे घेतली. दिल्ली, मुंबई आणि कोलकात्याच्या जोडीला तिथेही वाराणसी होतीच. राजकीयदृष्ट्या निवड सोपी होती, पण रेडिओलहरींना हे गाव अवघड. नागपूरकरांचा भोसले घाट, जटार घाट, पेशव्यांचा बालाजी घाट, पंचगंगा अशी मराठी ठसा असलेली घाटांची रांग घ्या. पुढ्यात मोकळी नदी, काठावर उंच दगडी इमारती, पाठीशी अरुंद गल्ल्या. टॉवरवरून निघालेली लहर इथे एका वाटेने येत नाही. एखादी सरळ येते, एखादी पाण्यावरून, एखादी भिंतीवर आपटून, आणि प्रत्येक जरा उशिराने. या उशिराचे काय करायचे, या प्रश्नाभोवतीच ब्रॉडबँड रेडिओची गेली साठ वर्षे फिरली आहेत.

बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खान रियाज करत. घुमणाऱ्या दगडी जागेत संथ आलाप स्वच्छ ऐकू येतो. द्रुत तान मात्र स्वतःच्याच पडसादात गढूळ होते. डेटाचेही तसेच आहे. वेग हवा तर प्रत्येक चिन्ह आखूड करावे लागते, आणि ते आखूड झाले की आधीच्या चिन्हाचा पडसाद पुढच्यावर चढतो. १९९५ साली भारतात मोबाइल आला. पुढे रुळलेल्या २जीची वाहिनी २०० किलोहर्ट्झची होती आणि हँडसेट हिशेब करून पडसाद निस्तरत असे. ३जीची वाहिनी ५ मेगाहर्ट्झची झाली. वाहिनी जितकी रुंद, तितके हे निस्तरणे महाग पडू लागले.

खरे तर तोड कधीच सापडली होती. १९६६ साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट चँग यांनी एका वेगवान प्रवाहाऐवजी अनेक संथ प्रवाह शेजारी शेजारी पाठवण्याचे गणित मांडले. उपवाहकांमधले अंतर नेमके ठेवले तर ते एकमेकांवर चढूनही वेगळे ओळखता येतात. पण इतके उपवाहक निर्माण करणार कसे? १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी दाखवले की फूरिए रूपांतराचे एकच गणित हे सगळे काम करते. १९८० मध्ये पेलेड आणि रुइझ यांनी चिन्हाच्या शेपटीची नक्कल त्याच्याच डोक्याशी जोडली. पडसाद या जोडाच्या आत पोचला की शेजारच्या चिन्हाला धक्का लागत नाही. प्रत्येक उपवाहकाची फक्त उंची आणि कला बदलते, आणि ती एका भागाकाराने पूर्ववत होते. १९८५ मध्ये सिमिनी यांनी हीच रीत फिरत्या फोनसाठी सुचवली. ते गणित झेपणारी स्वस्त चिप मात्र नंतर आली. १९९५ मध्ये डिजिटल रेडिओ, १९९९ मध्ये वाय-फायचे नवे मानक, आणि त्यानंतर ४जी.

४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीत १२०० उपवाहक असतात. चिन्हाची लांबी सुमारे ६७ मायक्रोसेकंद, जोड सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळात लहर १.४ किलोमीटर जाते, म्हणजे सरळ लहरीपेक्षा तितका वळसा जास्त घेऊन आलेला पडसादही निरुपद्रवी. घाटावरचे बहुतेक पडसाद या मापात बसतात. काही उपवाहक ठरावीक खुणेची चिन्हे नेतात. त्यांवरून फोन वाटेचा अंदाज घेतो. काही उपवाहक बुडालेच, तर दुरुस्तीची सांकेतिक भर इतरांवरून मजकूर परत उभा करते. एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात आणि त्याच वर्षी पुण्यात ४जी आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने ते देशभर नेले.

इथवर पडसाद फक्त सोसला जात होता. तो वापरण्याच्या कल्पनेला पुण्याचा धागा आहे. थॉमस कैलाथ पुण्यात जन्मले आणि १९५६ मध्ये इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. स्टॅनफर्डमध्ये त्यांच्याकडे आलेल्या आरोग्यस्वामी पॉलराज यांनी त्याआधी भारतीय नौदलासाठी सोनार घडवले होते. १९९४ मध्ये या दोघांना मिळालेल्या पेटंटची कल्पना अशी : दोन अँटेनांनी एकाच वेळी दोन वेगळे मजकूर सोडायचे आणि दोन अँटेनांनी ते मिश्रण ऐकायचे. दोन समीकरणे, दोन अज्ञाते. समीकरणे पुरेशी वेगळी असतील तरच ती सुटतात, आणि त्यांना वेगळे करतात ते भिंतींवरून येणारे पडसाद. मोकळ्या माळरानापेक्षा घाट इथे फायद्याचा. शिवाय उपवाहक अरुंद असल्याने प्रत्येकावर हे छोटे समीकरण स्वतंत्रपणे सोडवता येते. म्हणून दोन्ही कल्पना एकत्र नांदल्या. आज ५जीच्या मोठ्या पॅनेलवर ६४ पर्यंत प्रेषक-ग्राहक जोड्या असतात.

तरीही घाटामागच्या गल्लीत फोन अडखळतो, आणि याचे कारण पडसाद नाही. तिथे लहरच क्षीण होऊन पोचते. ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढचा ५जी पट्टा जाड दगडाला लवकर हार जातो; ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा जास्त आत शिरतो, पण त्याची रुंदी कमी. देवदिवाळीच्या गर्दीत तर लहर चांगली असूनही ती हजारोंत वाटली जाते. यावर उपवाहक वाढवून उपयोग नाही. गल्लीच्या तोंडाशी लहान अँटेना हव्यात, त्यांच्यापर्यंत फायबर हवे, आणि जुन्या वास्तूंच्या दर्शनी भागावर खोके बसवायला संबंधितांची संमती हवी. साठ वर्षांच्या गणिताने भिंतींना कामाला लावले. त्या भिंतींवर अँटेना कोणी, कुठे आणि कोणाच्या परवानगीने बसवायची, हे मात्र गावालाच ठरवावे लागेल.