जुगाड हत्याराचे असावे, कामाचे नसावे

रात्रभर उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या पुढच्या चेन स्प्रॉकेटखाली सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसतो. चेनचे तेल गळले असेल म्हणून बहुतेक जण तो पुसून टाकतात. खरेखोटे करणे सोपे आहे. स्प्रॉकेटचे कव्हर काढायचे, आतला चिखल रॉकेलने धुऊन जागा कोरडी करायची आणि गाडी दहा-वीस किलोमीटर फिरवून आणायची. शाफ्टभोवती पुन्हा पातळ, ताजे तेल दिसले, तर गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचे ऑइल सील गळते आहे असे समजावे. हे दुखणे वाटते तेवढे किरकोळ नाही. शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांना मिळून एकच ऑइल असते आणि तेही जेमतेम लिटरभर. ठिबकणारा प्रत्येक थेंब इंजिनाच्या वाट्याचा असतो, आणि चेनवरून उडालेले तेल मागच्या टायरवर गेले तर गाडी घसरण्याची धास्ती वेगळीच.

सील बदलायला गॅरेजात खास पुलर आणि ठोकणी असतात. त्या नसताना घरातल्या वस्तूंनी हे काम करावे की करू नये, याचे उत्तर हत्यारात शोधण्यापेक्षा सीलच्या घडणीत शोधले पाहिजे. पोलादी कडे, त्यावर चढवलेले रबर, आतल्या बाजूला पातळ ओठ आणि त्या ओठाला शाफ्टवर दाबून धरणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. बाहेरचे कडे खोबणीत घट्ट बसते आणि हलत नाही. आतला ओठ फिरत्या शाफ्टवर तेलाच्या अगदी पातळ थरावर टेकलेला असतो. पूर्वी हा ओठ चामड्याचा असे, आता कृत्रिम रबराचा असतो. पण कसब आजही त्या एका काठातच आहे. यातून तीन नियम निघतात: जोर फक्त बाहेरच्या कड्यावर आणि सगळीकडून सारखा पडावा, ओठाला इजा होऊ नये, आणि खोबणीवर व शाफ्टवर ओरखडा उठू नये. खास हत्यार करते ते एवढेच. हे तीन नियम जी वस्तू पाळेल, तिच्यावर कोणत्या कंपनीचा शिक्का आहे हे सील विचारत नाही.

म्हणूनच साधी हत्यारेही पुरतात. चेन उतरवण्याआधी गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरला की स्प्रॉकेट जागचे हलत नाही आणि त्याचा नट सुटतो. जुने सील उचकटताना स्क्रू ड्रायव्हरखाली लाकडाची चकती ठेवली की केसिंगला चरा पडत नाही. सील अडूनच बसले, तर त्याच्या पत्र्याला बारीक भोक पाडून स्क्रू घट्ट करतात आणि तो पकडीने ओढतात. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावले की कीस आत पडण्याऐवजी त्याला चिकटतो. भोक मात्र पत्र्यापुरतेच हवे, कारण लगेच मागे बेअरिंग असते. नवे सील मापानेच आणावे. त्यावर २५-४०-७ असे आकडे असले, तर ते आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. शाफ्टच्या दात्यांवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी गुंडाळावी, ओठाला तेल लावावे, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी आणि सीलच्या बाहेरच्या कड्यावर नेमकी टेकेल अशी सॉकेट पान्याची गोटी किंवा पाइपाचा सपाट कापलेला तुकडा धरून हलक्या हाताने, समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने ठोकत जावे. सील तिरके गेले की तिथेच थांबून सरळ करावे.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, बाहेरून सिलिकॉनचा लेप दिला की झाले. पण लेप स्थिर जोडावर टिकतो; फिरत्या शाफ्टवर तो थोड्याच वेळात सोलून निघतो. जुगाड खरोखर वाईट ठरते ते इथे, कारण ते हत्याराच्या जागी नव्हे, तर कामाच्याच जागी येऊन बसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घरी बदललेले सील महिन्याभरात पुन्हा गळते. गळतेही, पण तसे ते गॅरेजात बदललेलेही गळू शकते, कारण अनेकदा दोष सीलचा नसतोच. गिअरबॉक्सची हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी चिखलाने बुजली, तर आतला दाब तेलाला ओठाखालून ढकलतो. बेअरिंग झिजून शाफ्ट वरखाली हलत असेल, तर कोणतेही सील त्याच्यामागे धावू शकत नाही. अनेक गाड्यांत ओठ शाफ्टवर नव्हे, तर त्यावर बसवलेल्या कॉलरवर टेकतो. त्या कॉलरवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल किंवा तिच्या आतली ओ-रिंग कडक झाली असेल, तर नव्या सीलचा उपयोग शून्य. नळी फुंकून पाहणे, शाफ्ट हाताने हलवून पाहणे आणि कॉलरवरून नख फिरवणे या तिन्ही तपासण्यांना एकही हत्यार लागत नाही, आणि नेमक्या त्याच घाईत राहून जातात.

मर्यादा अर्थातच आहेत. काही गाड्यांत सीलला आतून कड असते आणि इंजिनचे केसिंग उघडल्याशिवाय ते निघत नाही. शाफ्ट हलत असेल तर बेअरिंगसाठीही केसिंग उघडावेच लागते. अशा वेळी गाडी मिस्त्रीकडे नेण्यात कमीपणा नाही. बाकीच्या वेळी हातात गोटी असो की पाइपाचा तुकडा, आधी गळतीचे कारण शोधा आणि मगच हातोडी उचला.