केहीमकर बंधूंची शाळा

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, केहीमकर. रायगडच्या माणसाला ही आडनावं शेजारपाजारच्या गावांची वाटतील, आणि ती तशीच आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्रायल ज्यू समाजाची ही आडनावं. घरात मराठी बोलणं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला बोललेला नवस फेडायचा तर मलिदा करायचा, म्हणजे आपलेच भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर आणि वर फळं. सिनेगॉगला हे लोक मशीदच म्हणत. पेणमधलं त्यांचं प्रार्थनास्थळ १८६३ सालचं. या समाजाने आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी काय केलं, हे पेण-रोह्यातल्या आजच्या मुलांना माहीत असायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळा काढल्या त्या अमेरिकन मिशनऱ्यांनी. त्या शाळांत बेने इस्रायल मुलं जात. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली मराठी भाषकांसाठी हिब्रूचं व्याकरण छापलं. शिक्षण मिळत होतं, पण शाळा दुसऱ्याची आणि तिचा हेतूही दुसऱ्याचा. आपल्या मुलांना आपला धर्म न सोडता इंग्रजी शिकता यावं, ही तळमळ ज्यांना लागली त्यांत हाईम सॅम्युएल केहीमकर अग्रभागी होते. जन्म १८३०, अलिबागचा. त्यांनी आपल्या भावांना बरोबर घेऊन १८५३ साली बेने इस्रायल समाजात शिक्षणप्रसारासाठी संस्था काढली. मुंबई-ठाणे आगगाडी धावली ते हेच वर्ष. मुंबई विद्यापीठ निघायला अजून चार वर्षं होती.

शाळा मात्र मुंबईत सुरू झाली १८७५ साली. मधली बावीस वर्षं मला या साऱ्या कामात सर्वांत मोलाची वाटतात. समाज लहान. कोकणातून मुंबईला गेलेल्यांपैकी कुणी पलटणीत, कुणी कारकुनीत, कुणी सुतारकामात. अशा घरातला कमावता माणूस गेला, तर पोरक्या मुलांच्या शिक्षणाला वाली कोण? सावकार-शेटजींचा हा समाज नव्हे. तरीही एका घरातल्या भावांनी सुरू केलेलं काम इतकी वर्षं विझलं नाही आणि शेवटी शाळा उभी राहिली. इंग्रजीबरोबर तिथे मराठी आणि हिब्रूही शिकवत.

परदेशातली मदत त्यानंतरची. १८७१ साली लंडनमध्ये अँग्लो-ज्युईश असोसिएशन स्थापन झाली होती. तिने या शाळेला अनुदान दिलं. पुढे सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. कदूरी मूळचे बगदादचे. ससून यांच्या पेढीत उमेदवारी करून ते हाँगकाँगला गेले आणि तिथेच त्यांचं घराणं नावारूपाला आलं. शिक्षणासाठी हात सैल सोडणं ही त्या घराण्याची रीतच होती. एलींचे बंधू सर एलिस यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून पॅलेस्टाईनमध्ये दोन शेतकी शाळा निघाल्या. ज्यू मुलांसाठी ताबोर डोंगराच्या पायथ्याशी एक, आणि अरब मुलांसाठी तुलकरेमला दुसरी. आज तिथली परिस्थिती पाहताना हे मुद्दाम आठवावं.

पण कदूरींचं नाव घेताना केहीमकर विसरले जातात, आणि हा अन्याय आहे. दूरच्या दात्याने पैसा द्यायचा तर इथे आधी विश्वासाने सांभाळणारं कुणीतरी हवं. ते काम या भावांनी केलं. हाईम केहीमकरांनी नोकरी आणि शाळा सांभाळून आपल्या समाजाचा इतिहासही लिहिला. १८९७ साली हस्तलिखित पुरं झालं. छापलं गेलं चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवला. ते पाहायला केहीमकर हयात नव्हते.

१९४८ नंतर इस्रायलला जाणाऱ्यांची रीघ लागली. पेण-रोह्याची घरं एकेक करत मिटली. तिकडे गेल्यावर ‘तुम्ही खरे ज्यू का?’ असा प्रश्न याच लोकांना विचारला गेला, आणि त्याचा निकाल लागायला १९६४ साल उजाडलं. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला २०१६ साली, तोवर समाज मूठभर उरला होता.

मुंबईत माझगावला असलेली कदूरींच्या नावाची ती शाळा मात्र समाज गेला म्हणून बंद पडली नाही. आसपासच्या वस्तीतली मुलं, त्यांत मुसलमान पुष्कळ, तिथे शिकत राहिली. केहीमकरांच्या कामाचं याहून चांगलं फळ मला दिसत नाही.

पेण, रोहा, अष्टमी, अलिबाग इथल्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या आळीत एखादं बेने इस्रायल घर असेल, आजी-आजोबांच्या वर्गात एखादा पेणकर किंवा रोहेकर बसला असेल, तर त्या आठवणी आजच लिहून घ्या. जुने फोटो, शाळेचे दाखले, पत्रं असतील तर ती रद्दीत घालू नका. गावच्या वाचनालयात नेऊन द्या.